बर्फ कारखान्याचा मुंजाबा

औरंगाबादला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत हिरालालशेठचा बर्फाचा कारखाना होता. त्यात विजेची मोटर नव्हती. निजामाच्या अमलात हैदराबादहून बैलगाड्यांवर आणलेलं वाफेचं एक यंत्र होतं. बॉयलरमधली वाफ एका सिलिंडरातला दट्ट्या पुढंमागं ढकलायची आणि त्याच दांड्यावरचा दुसरा दट्ट्या पलीकडच्या सिलिंडरात अमोनिया गॅस दाबायचा. दाबलेला गॅस पुढं नळ्यांमधून निवायचा, मग एकदम पसरायचा, आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांतून बर्फाच्या लाद्या निघायच्या. यंत्राच्या एका टोकाला हात लावला तर फोड यायचा. दुसऱ्या टोकाच्या नळीवर भर उन्हाळ्यात पांढरं हिव धरलेलं असायचं. हे यंत्र पंचवीस वर्षं सांभाळलं ते मुंजाबानं.

मुंजाबा पिशोरचा. घरात पिढीजात मेंढरं. सलग दोन सालं चारा आटला, निम्मा कळप वाटेत पडला, उरलेला बाजारात गेला, आणि मुंजाबा बायकोला, बानाबाईला, घेऊन शहरात आला. वय असेल चोविसाचं. मालधक्क्यावरून कोळसा वाहून आणायचं काम त्याला मिळालं. दिवसभर पाटी डोक्यावर. यंत्राच्या खोलीत जायचं त्याला कारणच नव्हतं, पण कोळसा ओतून झाला की तो दारात उभा राहून त्या यंत्राचा आवाज ऐकत राही.

यंत्र तेव्हा नबीखाँच्या ताब्यात होतं. मेहंदी लावलेल्या दाढीचा म्हातारा, बोलणं थोडकं. एका दुपारी नबीखाँ अंगणात नमाजाआधी वजू करत बसला होता, तेव्हा मुंजाबा हातातली पाटी टाकून त्याच्याकडं धावत आला.

"चाचा, मशीन खोकायलंय."

नबीखाँ तसाच ओल्या हातानं आत गेला. गॅसच्या सिलिंडराचं डोकं पांढरंफटक झालं होतं आणि आतून ठक्‌ ठक्‌ येत होतं. गॅसऐवजी पातळ अमोनियाच आत ओढला जात होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर सिलिंडराचं झाकण उडालं असतं. नबीखाँनं वाफ कमी केली, गॅसचा चाक-नळ आवळला, आणि आवाज सरळ होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग विचारलं, "तेरे कू कैसा समझा?"

"मेंढी फुप्फुसात धरली की अशीच खोकते," मुंजाबा म्हणाला. "शंभर मेंढरांत एक खोकली तरी कळतं."

दुसऱ्या दिवसापासून नबीखाँनं त्याला पाटी उचलू दिली नाही. सात वर्षं त्यानं शिकवलं, म्हणजे शेजारी उभं केलं आणि कान उघडे ठेवायला सांगितलं. एक गोष्ट मात्र तो तोंडानं पुन्हा पुन्हा सांगायचा: बॉयलरला दोन दुश्मन. एक कमी पाणी, दुसरं तेल. पाण्याबरोबर तेल आत गेलं की पत्र्याला चिकटतं, पत्रा पाण्याला पारखा होतो, लाल होतो आणि फुगतो. मग देवही वाचवत नाही.

नबीखाँ थकला तेव्हा बॉयलर चालवायच्या परवान्याचा प्रश्न आला. परीक्षा द्यावी लागे आणि मुंजाबाला अक्षर येत नव्हतं. कारखान्याच्या मागं भीमनगरी नावाची वस्ती होती. तिथं सुलेखाबाई राहायच्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळकरी होत्या; आता नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. वयानं मुंजाबापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मुंजाबा पागोटं काढून त्यांच्या दारात उभा राहिला.

"बाई, मला वाचाया शिकवा. मशीनचं तेवढंच."

"मशीनचं तेवढंच असं काही नसतं, मुंजाबाभाऊ," सुलेखाबाई म्हणाल्या. "अ पासून सुरू करू."

दीड वर्ष तो त्यांच्या ओसरीवर पाटी घेऊन बसला. लोक हसले. धनगराचा गडी, त्या वस्तीत जाऊन, बाईमाणसाकडून शिकतोय. बानाबाईलाही आधी ते रुचलं नव्हतं. पण परवान्याचा कागद आला तेव्हा ती एक नारळ घेऊन स्वतः सुलेखाबाईंच्या घरची पायरी चढली, आणि त्यानंतर दोघींचं येणंजाणं सुरू झालं.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती. शहर तर वाढत चाललं होतं. चिकलठाण्याकडं कारखान्यांचे प्लॉट पडत होते, आणि त्याच वेळी खेड्यांतली माणसं हंडे-गाठोडी घेऊन शहरात उतरत होती. भीमनगरीची वस्ती दुप्पट झाली. तिथला आड आटला. नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी धार यायची, तीही अंगठ्याएवढी.

हिरालालशेठच्या आवारात पाण्याच्या दोन जागा होत्या. पुढं गोडी विहीर, आणि मागं एक जुनी बारव, खाऱ्या पाण्याची. खारं पाणी गॅसच्या नळ्या निववायला वापरत. गोडं पाणी बर्फाला आणि बॉयलरला. वस्तीतल्या बायका गोड्या पाण्यासाठी फाटकाशी यायला लागल्या. आधी शेठनी दिलं. मग विहिरीचा तळ दिसायला लागला.

"मुंजाबा, आता दोनच वाटा," शेठ म्हणाले. "एक तर फाटक बंद करायचं, नाही तर कारखाना. कारखाना बंद केला तर सरकारी घाटी दवाखान्याला बर्फ कुठून द्यायचा? लशी, रक्त, सगळं आपल्या लाद्यांवर आहे."

 मुंजाबा अंगणात आला आणि छपराकडं बघत बसला. यंत्रात काम करून झालेली वाफ एका जाड नळीतून छपरावर सुटायची. भक्‌ भक्‌ करत पांढरे लोट वर जात होते आणि कोरड्या आभाळात विरत होते. वीस वर्षं तो ते रोज बघत होता. त्या दिवशी त्यानं मनाशी हिशेब केला: बॉयलर दिवसाला पाचशे हंडे पाणी पितो, आणि ते सगळं इथून उडून जातं.

सकाळी तो शेठकडं गेला. "शेठ, ती वाफ खाली आणू. बारवेच्या हौदात जुन्या नळ्यांचं वेटोळं पडलंय, त्यातून सोडू. खाऱ्या पाण्यानं निवली की तिचं पाणी व्हईल. तेच पुन्हा बॉयलरला."

शेठ व्यापारी माणूस, पण ऐकून घेणारा. त्यांनी एक फिटर दिला. आठ दिवसांत नळ्या जोडल्या, आणि वेटोळ्याच्या तोंडातून कोमट, काचेसारखं पाणी पडायला लागलं. बघायला सगळा कारखाना जमला. मुंजाबानं पाणी बोटावर घेऊन चोळलं. त्याला काही जाणवलं नाही, तरी मन मानेना. यंत्राच्या सिलिंडरात तेल सोडावं लागतं, आणि वाफ तिथूनच येते.

"दिसतंय तर साफ," शेठ म्हणाले.

"व्हय, दिसतंय," मुंजाबा म्हणाला आणि ते पाणी त्यानं बॉयलरला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेत फेस उठला. पाणी किती आहे तेच कळेना, वर-खाली, वर-खाली. मुंजाबानं कुणाला विचारलं नाही. भट्टीतला विस्तव ओढून काढला आणि यंत्र उभं केलं. दोन दिवस बॉयलर निवला, आतून घासला. डब्यांतला बर्फ वितळला. दवाखान्याच्या माणसाला रिकाम्या हातानं परत जावं लागलं. शेठ रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, ते नुसते म्हणाले, "उद्यापासून फाटक बंद. इलाज नाही."

मुंजाबा घरी आला तो भाकर न खाता बसून राहिला. बानाबाई मूठभर पाण्यात भांडी घासत होती.

"अवो, झालं काय?"

त्यानं सांगितलं. चूक आपली आहे हेही सांगितलं. नबीखाँनं इतक्यांदा बजावलं होतं, तरी डोळ्याला दिसलं नाही म्हणून आपण पाणी सोडलं.

बानाबाई ऐकत तवा घासत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "तेल काढायचंय व्हय? मी तव्याचं तेल कशानं काढते?"

तिच्या हातात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी होती. घोसाळं वेलावरच वाळू दिलं की आत राहते ती. मुंजाबानं ती हातात घेतली, उजेडाकडं धरली. जाळीच्या धाग्याधाग्याला तवा सोडून आलेला ओशटपणा चिकटला होता.

"घरात किती हायेत?"

"तीन. पण पिशोरला माझ्या भावजयीच्या माळ्यावर पोतंभर असतील. तिथं कुणी फेकीत नाय."

दुसऱ्या दिवशी बानाबाई एसटीनं पिशोरला गेली आणि तिसऱ्या दिवशी दोन पोती घेऊन उतरली. माहेरच्या घराघरांतून मागून आणली होती. फाटक बंद होतं आणि बॉयलर पुन्हा विहिरीच्याच पाण्यावर चालू झाला होता; मुंजाबानं शेठकडून आठ दिवस मागून घेतले. एका लोखंडी टाकीचे तीन कप्पे केले. दोन कप्प्यांत घोसाळ्याच्या जाळ्या दाबून भरल्या, तिसऱ्यात धुतलेला लोणारी कोळसा. वेटोळ्यातलं पाणी एका बाजूनं शिरायचं आणि तिन्ही कप्पे ओलांडून बाहेर पडायचं.

पाणी बाहेर पडलं. ते साफ दिसत होतं. पण साफ तर मागच्या वेळीही दिसलं होतं. आता मुंजाबाचा डोळ्यावर भरवसा उरला नव्हता. शेठही म्हणाले, "खात्री पटल्याशिवाय बॉयलरला लावायचं नाही."

तो सुलेखाबाईंकडं गेला. "बाई, पाण्यात तेल हाय का नाय, हे कसं कळावं? डोळ्याला दिसत नाय इतकं थोडं."

सुलेखाबाईंनी थोडा विचार केला. मग देवळीतून कापराची पुडी काढली. त्यांच्या घरी कापूर गौतम बुद्धांच्या तसबिरीपुढं नव्हे, कपड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून असायचा. एका कपात त्यांनी पिण्याचं पाणी ओतलं आणि कापराचा बारीक कण वर टाकला. तो कण गरागरा फिरायला लागला, इकडून तिकडं पळायला लागला. मग त्यांनी काडीचं टोक केसाला लावून पाण्याला टेकवलं. केसाचं तेल लागलं तसा कण जागच्या जागी थांबला.

"मुलांना वर्गात दाखवते मी," त्या म्हणाल्या. "तेलाचा नुसता पापुद्रा असला तरी कापूर फिरत नाही."

मुंजाबा पुडी घेऊन कारखान्यात आला. पेल्यात टाकीतलं पाणी निवू दिलं, कण टाकला. तो हलला नाही. त्यानं जाळ्या आणखी गच्च भरल्या. दुसऱ्या दिवशी कण जरा सरकला आणि थांबला. मग त्यानं पाण्याचा वेग कमी केला, कोळशाचा थर दुप्पट केला, सिलिंडरात सोडायच्या तेलाचे थेंबही मोजून निम्मे केले. चौथ्या दिवशी कापूर फिरला. शेठ, फिटर, आणि आत येऊन उभ्या राहिलेल्या सुलेखाबाई, सगळे त्या पेल्यावर वाकून बघत होते. मुंजाबानं तो पेला तसाच ठेवून दुसरा भरला, मग तिसरा. तिन्हींत फिरल्यावर त्यानं ते पाणी बॉयलरला लावलं.

पाचशे हंड्यांतले चारशे तरी आता परत येत होते. शेठनी गोड्या विहिरीवरून फाटकापर्यंत नळी ओढून एक तोटी बसवली. पहिल्या सकाळी तिथं वेगळीच अडचण उभी राहिली. पुढच्या गल्लीतल्या काही बायकांनी वस्तीतल्या बायकांच्या मागं उभं राहायला नकार दिला. आमची रांग निराळी करा, म्हणाल्या. सुलेखाबाई हंडा घेऊन उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांनी मुंजाबाकडं बघितलं.

"तोटी एक हाय," तो म्हणाला. "रांगही एकच."

दोघी-तिघी परत गेल्या. उरलेल्या उभ्या राहिल्या. बानाबाई घरून हंडा घेऊन आली होती, ती सुलेखाबाईंच्या मागं जाऊन थांबली. परत गेलेल्याही तिसऱ्या दिवशी आल्या. तहानेपुढं त्यांचा हट्ट टिकला नाही.

महिन्याभरानं बॉयलर इन्स्पेक्टर आले. जाळ्यांची टाकी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बॉयलर निववून उघडायला लावला, स्वतः दिवा घेऊन आत शिरले, पत्र्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन तो हात पांढऱ्या रुमालाला पुसला. रुमाल मळला, पण ओशट डाग पडला नाही.

"हे कुणी केलं?"

"बायकोनं सुचवलं, साहेब. कापराचं वस्तीतल्या मास्तरीणबाईंनी," मुंजाबा म्हणाला. "मी भरलं."

साहेबांनी पुढं चालवायला परवानगी दिली, फक्त दर पंधरवड्याला जाळ्या बदलायची अट घातली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोटी एक दिवसही बंद पडली नाही. पिशोरहून पोती येत राहिली.

पुढं चांगला पाऊस झाला. दोन-तीन वर्षांत पैठणच्या धरणाचं पाणी शहराला मिळायला लागलं आणि फाटकाशी कुणी यायचं कारण राहिलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली शेठनी विजेवरचा कंप्रेसर घेतला. तो कपाटाएवढा होता आणि त्याला कोळसा लागत नव्हता. जुनं यंत्र भंगारात द्यायचं ठरलं. शेठ मुंजाबाला म्हणाले, "तू कुठं जाऊ नको. फाटकावर बस. पगार तोच."

"बसायला नाय जमायचं, शेठ," मुंजाबा म्हणाला. "पण मशीन मीच उतरवतो. आत गॅस हाय."

भंगारवाल्यांना त्यानं चार दिवस जवळ येऊ दिलं नाही. नळ्यांतला उरलासुरला गॅस रबरी नळीनं पाण्याच्या पिंपात सोडला, तोंडावर ओला टॉवेल बांधून एकेक झडप मोकळी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेठ दारातून बघत होते. "त्रास होतोय का रे?" त्यांनी विचारलं. "गॅसचं हाय," मुंजाबा म्हणाला. ते काही अंशी खरंही होतं. शेवटचा सांधा सुटल्यावर तो त्या दांड्यापाशी थोडा वेळ बसला, मग हातपाय धुऊन घरी गेला.

सुलेखाबाई तोवर हेडमास्तरीण झाल्या होत्या. चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कारखान्याला परवानाधारक बॉयलरवाला हवा आहे, ही जाहिरात त्यांनीच पेपरात वाचली. अर्ज मात्र मुंजाबानं स्वतःच्या हातानं लिहिला. त्यात दोन चुका होत्या. त्या दाखवून सुलेखाबाई म्हणाल्या, "असू द्या, वाचता येतंय."

सोमवारी तो शहर बसनं चिकलठाण्याला उतरला, भोंग्याच्या अर्धा तास आधी. तिथल्या साहेबांनी त्याला कागदपत्रं विचारली. त्यानं ती दिली आणि म्हणाला, "साहेब, आधी पाण्याची काच दावा. मग बाकीचं बघू."