टँकमध्ये उगवलेलं काहीतरी

आमच्या घरात श्रावण कडक पाळला जातो. महिनाभर आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मासा येत नाही. जे आधीपासून हॉलमध्ये पोहत असतात, ते सोडून.

ते माझे! खाऱ्या पाण्याचा मोठा टँक, आत खडक, खडकांवर कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ, आणि त्यातून हिंडणारी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी. या टँकने आपल्या आरामखुर्चीची जागा खाल्ली, हे माझा नवरा अविनाश अजून विसरलेला नाही. मागे एक मासा गेला तेव्हाच त्याने बजावलं होतं, यापुढे आत एक जरी मेला तरी टँक जाणार आणि खुर्ची येणार. (खुर्ची बाल्कनीत प्लास्टिक गुंडाळून वाट बघत असते. मी तिच्याकडे बघत नाही.)

तर श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी हॉलची ट्यूब बंद केली, टँकवरचा निळा दिवा लावला आणि हातातला सगळा चहा गाउनवर सांडला. खडकाच्या फटीत हिरव्या-पिवळ्या गाठी चमकत होत्या! काजव्यांनी सोसायटीची मीटिंग भरवावी तशा! दुसऱ्या दिवशी आणखी उगवल्या. मग पहिलीला पांढरी लव फुटली. दिवसा तिथे मळकट काहीतरी दिसायचं, दिव्याखाली मात्र एकदम झकास. माझ्या टँकमध्ये, कुणी न लावता, नवं कोरल जन्माला येत होतं! मी रोज संध्याकाळी समोर स्टूल टाकून बसायचे. बघता बघता तोंडाला पाणी सुटायचं, इतका आनंद!

फोटो छंदिष्टांच्या ग्रुपवर टाकले. एकाने अभिनंदन केलं. दुसरा म्हणाला, हे तण आहे, बाकीच्या कोरलचा जीव घेईल. तिसऱ्याने विचारलं, हात नाही ना लावलात? अशा एका जातीला नुसता हात लागला तरी माणूस इस्पितळात जातो म्हणे. मी टँकसमोर नायलॉनची दोरी बांधली आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, इकडे फिरकू नका. विषारी आहे ते."

"विषारी?" सासूबाई मालवणच्या. त्यांनी टँककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरां" म्हणाल्या आणि मालिकेचा आवाज वाढवला.

मग पाणी गढूळ झालं. माशांची जोडी कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागली. पाणी तपासायच्या नळीत असा गडद रंग चढला की कागदावर त्यापुढचा रंगच छापलेला नव्हता. अविनाश बाल्कनीत जाऊन खुर्चीवरचं प्लास्टिक पुसून आला.

शेवटी अंधेरीहून साटमांना बोलावलं. ऑफिसांमधले टँक सांभाळणं हा त्यांचा धंदा. विषाचं फोनवरच ऐकलं असल्यामुळे ते कोपरापर्यंत हातमोजे, गॉगल आणि हातभर लांब चिमटा घेऊन आले. आम्हाला मागे सरकवलं. एक गाठ अलगद उचलून स्टीलच्या ताटलीत ठेवली, वाकून पाहिली आणि चिमट्याने उलटी केली.

"काय आहे हो?" मी विचारलं.

"वहिनी, याला शेपूट आहे."

शेपटीचं कोरल! असं तर जगात कुणी...

"शेपटी काढूची रवली," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. "बाकी सगळी साफ केललंय मी."

त्या उठल्या, दोरीखालून वाकून आल्या आणि आणखी कुठे कुठे आहेत ते दाखवू लागल्या. निळ्या उजेडात त्यांच्या पाचही बोटांची टोकं तशीच हिरवी चमकली! साटमांनी गॉगल काढला.

हळद! श्रावण लागायच्या आदल्या दिवशी हळद-मीठ लावलेल्या कोळंबीचा एक डबा फ्रीझरमध्ये उरला होता. तो सासूबाईंना टाकून देववेना, म्हणून मी ऑफिसला गेले की त्या रोज थोडी थोडी माझ्या माशांना वाढत होत्या. ते चिमुकले जीव खाणार किती? उरलेली फटीत अडकून कुजत होती. निळ्या दिव्याखाली हळद अशीच चमकते, असं साटम म्हणाले. (हसू दाबत.)

"पण मग आई, बोलला का नाहीत?"

"माझ्या सुंगटांक तू विषारी म्हटलंस. कित्याक बोलू?" (सुंगटं म्हणजे कोळंबीच.)

"आणि श्रावण?"

"श्रावण आपल्याक. माशांक खंयचो श्रावण?"

अविनाशने संधी साधली. टँकमध्ये मेलेली कोळंबी सापडली, म्हणजे अटीप्रमाणे आत जीव गेलाच, तेव्हा खुर्ची आत घ्यायची, असं म्हणत तो उठलासुद्धा.

"ती आत मराक नाय रे," सासूबाईंनी निकाल दिला. "मरानच गेलली."

टँक वाचला! साटमांनी सगळे तुकडे वेचले, पाणी बदललं, आणि दोन दिवसांत जोडी पुन्हा हिंडू लागली. खुर्ची बाल्कनीतच आहे.

ग्रुपवर मी अजून खरं कळवलेलं नाही. अभिनंदनं येताहेत, मी हात जोडल्याची चित्रं पाठवते आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ते 'कोरल' नेमकं काय आहे, हे शोधायला मी सगळा ग्रुप कामाला लावला, अंधेरीहून माणूस आणला. आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसले की तोंडाला जे पाणी सुटत होतं, त्याला मी शास्त्राची आवड समजत होते!