टाकीच्या सावलीत

मला कुत्री आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या हुंदक्यांची वाट बघत बसायला नको. आमच्या घरात कुत्रा आला तो मुलीच्या हट्टानं. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि एके दिवशी "दोन बायका एकट्या राहतो, राखणीला काहीतरी पाहिजे की," म्हणून जर्मन शेफर्डचं पिल्लू काखोटीला मारून घेऊन आली. तेव्हा ते माझ्या चपलेएवढं होतं. वर्ष व्हायच्या आत वासराएवढं झालं, आणि नेमकी तेव्हाच मुलगी एका वर्षाच्या कोर्सला पुण्याला निघून गेली. राखण करायला उरले मी.

जाताना तिनं वचन घेतलं. "आई, त्याला कुणाला द्यायचं नाही. जूनमध्ये कोर्स संपला, नोकरी लागली की मी त्याला घेऊन जाते. तोपर्यंत सांभाळ. शपथ घे." मी घेतली. घ्यायला काय जातंय! तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गाडी सुटायची वेळ झाली होती.

माझी नोकरी सांगोल्याला, सरकारी कचेरीत. सकाळी सातला सोलापुरातून एसटी धरायची, संध्याकाळी सातला घरात पाय टाकायचा. पहाटे साडेपाचला उठून मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचे, घड्याळ बघून दहा मिनिटं. तो मला ओढायचा, मी त्याला शिव्या घालायचे. मग घराशेजारच्या बोळात साखळीनं बांधून, पुढ्यात भाकरी आणि पाणी ठेवून निघायचे. बारा तास. संध्याकाळी दार उघडलं की तो अंगावर उडी मारायचा, दोन्ही पंजे माझ्या खांद्यावर. दिवसभर कुणाचं तोंड न बघितलेलं जनावर ते, पण माझी पाठ आधीच मोडलेली असायची. मी त्याच्या छातीत गुडघा घालायचे. तो केकाटून मागं व्हायचा आणि परत यायचा. कोडगा कुठला.

मुलीनं त्याचं नाव इंग्रजी ठेवलं होतं. मी ते कधी घेतलं नाही. मी त्याला 'मेल्या' म्हणायचे आणि त्याला वाटायचं, हेच आपलं नाव. एकदा पाऊस होता म्हणून घरात कोंडला, तर झोपायच्या खोलीचं दार खालून अर्धं कुरतडलं आणि गादीचा कापूस काढून घरभर केला. त्या दिवशी मी त्याला लाटण्यानं मारलं. तो पळाला नाही, पोट जमिनीला टेकवून पडून राहिला. मारून हात दुखला तेव्हा मी थांबले. दया आली म्हणून नाही.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या आधी मी त्याला विंचरून, डोळे पुसून, बोळातून घरात आणून फरशीवर बसवायचे. "आई, बाजूला हो ना, त्याला दाखव. काय करालाय रे माझा राजा? वाळलाय का गं?" आई जेवली का, आईची पाठ कशी आहे, हे कधी विचारलं नाही पोरीनं. मी मोबाईल धरून उभी. खोटं कशाला बोलू, मला त्या कुत्र्याचा मत्सर वाटायचा. पन्नाशीला आलेली बाई कुत्र्यावर जळते, हे सांगायला लाज वाटते, पण जळत होते.

जानेवारीत सुटकेची संधी आली होती. आमच्या कचेरीतल्या शिपायाची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे. त्यानं माझ्या मोबाईलवर कुत्र्याचा फोटो बघितला आणि म्हणाला, "मॅडम, द्या की मला. बागंला राखण व्हईल. तितं मोकळा ऱ्हाईल, शेरडांमागं पळंल. हितं बांधून बांधून येडं व्हईल ते." मला तर मिठी मारावीशी वाटली त्याला. रात्री मुलीला फोन केला. ती आधी रडली, मग शांतपणे म्हणाली, "दे. दे तू त्याला. पण मग मी त्या घरात परत येणार नाही." एवढंच. फोन ठेवला. मला एकच लेक. दुसऱ्या दिवशी शिपायाला सांगितलं, जमणार नाही. मेला तरी तो आता माझ्याच दारात राहणार होता, जूनपर्यंत.

आता आमच्याकडचं पाण्याचं सांगायला पाहिजे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते, कधी सकाळी, कधी भर दुपारी. पाण्याचा दिवस म्हणजे गल्लीत सणासारखी गडबड. जे नोकरीला जातात ते शेजारी किल्ली ठेवून जातात. माझी किल्ली शेजारच्या मावशीकडं असायची. मावशी साठी उलटलेली, घरी तेलुगू बोलणारी, मालक यंत्रमागावर राबून गेलेले. दिवसभर दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. मुलगी गेल्यापासून पाण्याच्या दिवशी ती माझ्या घरात येऊन मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरून द्यायची. त्याबद्दल कधी चहाची अपेक्षा नाही केली तिनं. आमचं ठरलं होतं, एक मिस कॉल म्हणजे पाणी आलं, दुसरा म्हणजे टाकी भरली, मोटर बंद केली. कचेरीत फोन घेतला तर साहेब डोळे वटारतात, म्हणून मी नुसता कट करायचे. कट केला म्हणजे मला कळलं, हे तिला कळायचं.

पण घरात शिरायची वाट त्या बोळातूनच, आणि कुत्रा तिला आत येऊ देईना. पहिल्याच वेळी अंगावर धावला, पदर दातात धरून फाडला. मावशी बोळातच बसली बिचारी. त्या दिवसापासून मी ठरवलं, पाण्याच्या दिवशी कुत्रा वर. सकाळी निघताना त्याला गच्चीवर नेऊन टाकीच्या लोखंडी पायाला बांधायचे. तेव्हा टाकीची सावली चांगली अर्ध्या गच्चीभर पडायची, गार. त्या सावलीत त्याला बसवून, घमेलंभर पाणी ठेवून, जिन्याचं दार ओढून घेऊन मी निघून जायचे.

हिवाळ्यात काही झालं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र संध्याकाळी वर जावं तर तो लोळागोळा पडलेला असायचा. उडी मारायचा नाही, भुंकायचा नाही, बादलीभर पाणी प्यायचा आणि झोपायचा. मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, सुधारला. कचेरीत मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, आता वळण लागलं बाई त्याला.

वीस वर्षं मी त्या घरात राहतेय. पण सकाळची सावली दुपारी कुठं जाते, हे मला माहीत नव्हतं. दुपारी मी घरात असतेच कुठं? आणि रविवारी असले तरी पंख्याखाली पडलेली, उन्हाळ्यात गच्चीवर कोण मरायला जातंय. दहा वाजले की ती सावली टाकीच्या बुटक्या पायांखाली आक्रसते, जिथं तो मावत नव्हता, आणि दुपारी पार दुसऱ्या बाजूला जाऊन पडते, कठड्यापलीकडं. जिथं त्याची साखळी पोचत नव्हती. हे घरात राहणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, वाळवण घालणाऱ्या पोरीलाही. मला नव्हतं.

मे महिन्यातला तो पाण्याचा दिवस. सकाळीच झळा लागत होत्या. मी त्याला वर नेताना तो जिन्यात अडून बसला. पाय रोवले, मान फिरवली. कधी नाही ते गुरगुरला. माझी एसटी चुकत होती. मी पट्ट्याला धरून त्याला पायरी पायरी ओढत नेला. "मर एकदाचा," म्हणाले. रोजच म्हणायचे.

साडेबाराला मावशीचा फोन आला. कट केला. पाणी आलं. दीडला आला, कट केला. टाकी भरली. दहा मिनिटांनी परत आला. मला राग आला. म्हातारीला कळत नाही का, एकदा भरली की भरली! तोही कट केला. परत वाजला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी मोबाईल गप्प करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं.

पाचला एसटी स्टँडवर मोबाईल बघितला तर मावशीचे अकरा मिस कॉल. फोन लावला. ती रडत होती. "बाई, किती फोन करायचं? कुत्रं लई ओरडालं होतं बाई, लई. मी जिन्यातनं वर जाऊन बघितली. साखळी टाकीच्या पायाला गुंडाळलीय, घमेलं पालथं झालंय, उन्हात उभं हाय. जवळ जायला गेली तर अंगावर आलं. लांबून बादलीनं पाणी मारली, ते फरशीवरच वाळून गेलं. गल्लीत गडीमाणूस कुणी नव्हतं बाई."

"आता कसा आहे?" मी विचारलं.

"आता ओरडायचं थांबलंय," ती म्हणाली.

सांगोला ते सोलापूर दोन तास. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. लोक म्हणतील, त्या दोन तासांत बाईच्या जिवाची किती तगमग झाली असेल. झाली. पण कुत्र्यासाठी नाही. मी सबंध रस्ताभर एकच विचार करत होते, पोरीला काय सांगू. ती आता घरी येणार नाही. बाकी माझ्या डोक्यात काही आलं नाही, देवाशपथ.

मी पोचले तेव्हा मावशी गच्चीवर त्याच्याजवळ बसली होती. तो भुंकायचा थांबला, तेव्हाच तिला जवळ जाता आलं होतं. तिनं साखळी सोडवली होती, अंगावर ओला टॉवेल टाकला होता आणि चमच्यानं तोंडात पाणी घालत होती. पाणी दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होतं. वर टाकी काठोकाठ भरलेली. मी त्याला पायानं हलवलं. वाकायची हिंमत झाली नाही. फरशी तेव्हाही इतकी तापलेली होती की मावशी गोणपाट घेऊन बसली होती.

सकाळी महापालिकेची गाडी आली. दोन माणसांनी उचलला. "लई वजनदार हाय की," एक म्हणाला. मी रजा टाकली नाही, अर्ध्या दिवसानं गेले.

मुलीला आदल्या रात्रीच फोन केला होता. तोंडातून आपोआप निघालं, "ऊन लागलं गं. मी सावलीत बांधला होता. मावशीला सांगून गेले होते, दर तासाला बघा म्हणून. त्यांनी बघितलंच नाही." असं काही सांगितलेलं नव्हतं. एक वाक्य होतं, सुटून गेलं. मग ती म्हणाली, "मी येते." माझ्या जिवात जीव आला. ती येत होती. माझ्यावर नाही, दुसऱ्या कुणावर चिडून का होईना, घरी येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परतले तोवर तीही आली. पिशवी दारातच टाकली, पाणीसुद्धा प्यायली नाही, थेट शेजारी. मी तिच्यामागं गेले. मावशी दारात विड्या वळत होती. पोरगी तिच्यासमोर उभी राहून ओरडायला लागली. "तुम्हाला एवढंही जमलं नाही? आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला? एक मुकं जनावर तुमच्या डोक्यावर तडफडून मेलं आणि तुम्ही विड्या वळत बसलात?" गल्लीतल्या बायका दारात आल्या. जिच्याकडं ही पोरगी लहानपणी भूक लागली की जेवायला मागायची, ती ही मावशी.

मावशीचे हात थांबले. तिनं पोरीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. तिच्या मोबाईलमध्ये अकरा फोन होते. नुसता मोबाईल पुढं केला असता तरी झालं असतं. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक, मला फार वाटला. पोरगी माझ्या दंडाला धरून हमसून हमसून रडत होती. वर्षभरात पहिल्यांदा तिनं मला धरलं होतं.

मावशीनं सूप बाजूला ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाली, "व्हय बाळ. माझंच चुकलं."

मी तोंड उघडलं. मनात होतं, मावशी, नाही, तुमचं नाही. सगळी गल्ली ऐकत होती. पोरीनं माझा दंड घट्ट धरला होता.

"जाऊ द्या मावशी," मी म्हणाले, "झालं ते झालं. आम्ही काही मनात ठेवत नाही."