न सरकणारा जबडा

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर आजी हल्ली नुसतं हं-हं करते आणि लवकर फोन ठेवते, ती रागावलीय का, असं तुम्ही आईला विचारलंत. मी रागावलेली नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते. लिहायला मला त्रास होत नाही.

कानाच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. आधी बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरेल. तोंड आणखी मोठं केलंत की ते पुढे सरकेल. ते खालच्या जबड्याचं टोक. टोक आणि वरची खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते, ती टोकाबरोबर पुढेमागे जाते. फिरणं आणि सरकणं दोन्ही नीट झालं, तरच तोंडात तीन बोटं उभी मावतात.

मी इतकी वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. जबडा म्हणजे दाराची बिजागरी, असं फळ्यावर चित्र काढून सांगत आले. सरकण्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. मलाच ते ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी घास चावताना उजव्या कानापाशी कट्ट असा आवाज यायला लागला. मग एका सकाळी आवाज थांबला आणि तोंड दोन बोटांपुढे उघडेना. दुखायचं, पण बोलता यायचं, भाकरी दुधात कुस्करून खाता यायची. दातांच्या डॉक्टरांनी जबड्याच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तिथे पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळाली.

त्या पंधरा दिवसांत भावजी आले. भावजी म्हणजे माझे दीर, तुमचे धाकटे आजोबा. तरुणपणी ते तालमीत होते आणि अजून त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास तिथेच आहे.

"वहिनी, तोंड उघडंना म्हणं तुमचं? घरातली खूश असतील की!"

"हसवू नका, दुखतं."

"मग पंधरा दिस कशाला थांबताय? वस्ताद एका झटक्यात बसवत्यात. माझा जबडा कोडोलीच्या मैदानात निखळलता, त्यांनीच बसवला न्हवं? त्याच सांजंला मटण खाल्लं मी."

मी शिकलेली बाई. नाही म्हणायला हवं होतं. पण बिजागरी निसटली तर ती जागेवर बसवायची, एवढंच माझ्याही डोक्यात होतं. मी साडी बदलली आणि निघाले.

आखाड्यात बायका जात नाहीत, म्हणून बाहेरच्या कट्ट्याजवळ माझ्यासाठी खुर्ची टाकली. वस्ताद माझ्याच वयाचे. त्यांनी हात धुतले, अंगठ्यांना स्वच्छ पंचा गुंडाळला.

"आक्का, घाबरू नकासा. मान ढिली सोडा. भावजींशी झाल्यालं भांडण आठवा एकादं, म्हंजे दुखणार न्हाय."

भावजी मागे उभे राहून माझं डोकं धरून होते. वस्तादांनी अंगठे कसेबसे दाढांवर नेले, खाली दाबलं आणि जोरात मागे ढकललं. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं. मी ओरडलेसुद्धा नाही, ओरडायला तोंड लागतं.

"बसला बगा," वस्ताद म्हणाले. त्यांनी काही घेतलं नाही. मी नारळ ठेवला होता, तोही परत दिला.

घरी आले तेव्हा तोंडात एक बोट जेमतेम जात होतं.

तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे तुमच्या मावशीच्या वयाची मुलगी. मशीनमधले फोटो उजेडावर धरून तिने मला समजावलं, जणू मी तिच्या वर्गात होते. कुस्तीत जबडा निखळतो तेव्हा टोक पुढे जाऊन अडकतं, तोंड मिटत नाही. ते खाली दाबून मागे ढकलावं लागतं. वस्तादांनी आयुष्यभर तेच केलं आणि बरोबर केलं. माझं उलट होतं. चकती पुढे घसरून दुमडली होती आणि टोक तिच्या मागे अडकलं होतं. त्याला पुढे यायचं होतं. त्याला आणखी मागे रेटलं, तेव्हा चकतीला मागून धरणारा पडदा फाटला. आता हाडावर हाड घासतंय.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"तुमच्या हृदयाला एवढी भूल झेपणार नाही, आजी."

"व्यायाम केला तर?"

"आहे तेवढं टिकेल कदाचित."

"आणि वस्तादांकडे न जाता आधी तुमच्याकडे आले असते तर?"

तिने फोटो पाकिटात घातले. "उघडलं असतं बहुतेक," म्हणाली.

हे शेवटचं मी भावजींना सांगितलेलं नाही. तरी त्यांना कळलं असावं. पूर्वी ते दारातूनच मोठ्याने बोलत यायचे, आता दुधाची किटली ओट्यावर ठेवून गप्प बसतात. मी पेज पिते, तीही दातांच्या फटीतून, चमच्याच्या टोकाने. चार वाक्यं बोलले की कानशील ठणकतं, म्हणून तुमच्याशी हं-हं.

काल माझी पेज पिऊन झाल्यावर भावजी खुर्ची जवळ ओढून बसले.

"वहिनी, माझं चुकलं."

"असू दे," मी म्हणाले. असू देण्यासारखं ते नव्हतं, पण त्याहून मोठं वाक्य मला झेपत नाही.

मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पन्हाळ्याच्या पायथ्याला एकजण हाय म्हणं. लई गुण हाय त्याच्या हाताला. एकदा दावू की. गाडी सांगून ठिवलीया मी."

मी नाही म्हणून मान हलवली. ते समजावत राहिले, हात जोडले, "एवढं एकदाच, वहिनी," म्हणाले. मी तशीच मान हलवत राहिले, ते उठून घरी जायला पायात चपला सरकवेपर्यंत.