पाहुण्यांसाठी झाडलेलं तळं

आमच्याकडे कोणी मोठं माणूस येणार म्हटलं की आधी गाव झाडायचं. ग्रामसफाई विदर्भाच्या अंगात भिनलेली आहे. हातात खराटा आला की वर्षभर भांडणारे शेजारीही एका रांगेत उभे राहतात. एरवी मला याचं कौतुकच वाटायचं.

माझं काम नागपुरात. गावातल्या लोकांनी आपल्याच जंगल-पाण्यातली जीवसृष्टी राखावी म्हणून लहान लहान अनुदानं मिळतात; ती मिळवायला मी गावांना मदत करते. भिवापूरकडच्या एका गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायकांचा गट होता. गटाची म्होरकी वयाने मोठी, मी तिला मावशी म्हणते. त्यांच्या तळ्यात बेशरमची झुडपं माजली होती आणि मरळ मासा दिसेनासा झाला होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की या बायका बेशरम मुळासकट उपटायच्या, उघडी पडलेली जमीन नांगरून घ्यायच्या आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेली कमळं, पाणगवतं चिखलात लावायच्या. अनुदान सगळं त्यातच गेलं. गाव हसायचं. "लोकं वावरातलं तन उपटतेत, अन् ह्या पान्यात तन लावून राहिल्या!" मावशी ऐकून घ्यायची आणि पुन्हा चिखलात वाकायची.

मग त्या गवतात मरळ अंडी घालू लागली. यंदाच्या पावसाळ्यात तर कमळाच्या पानांवर कमळपक्ष्यांनी घरटी केली. ते सांगताना फोनवर मावशीला धड बोलता येईना.

हे बघायला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाई दिल्लीहून येणार होत्या. मावशी आदल्या दिवशीच माझ्याकडे नागपूरला मुक्कामाला आली. पाहुणीला स्टेशनवर आपणच घ्यायला जायचं, हा तिचा हट्ट. सकाळी पाहुणीला घेऊन गावाकडे येताना गाडीत मावशी सारखी बोलत होती. पक्षी पानांवरून कसा चालतो, ते तिने मांडीवर बोटं नाचवून दाखवलं. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तळ्याच्या पाळीवर मंडप होता, रांगोळी होती, बँडसुद्धा होता. आणि तळं कोरं होतं. त्यात एक पान नव्हतं, गवताची काडी नव्हती. काठाला ओल्या हिरव्या पसाऱ्याचे ढीग रचले होते आणि कमळपक्षी मोकळ्या पाण्यावर ओरडत घिरट्या घालत होते.

सरपंच हसत पुढे आले. "मावशी, तू काल गेली अन् पूरं गाव पान्यात उतरलं. पोट्टे, म्हातारे, सारे! तुह्या कामासाठी पाहुने येऊन राहिले, अन् तळं असं गबाळं दिसलं तर गावाची काय इज्जत राहीन?" गटातल्या बाकीच्या बायका तेव्हा शाळेत पाहुण्यांच्या जेवणाची तयारी करत होत्या. त्यांना कळेपर्यंत सगळं बाहेर निघालं होतं.

"वाह, कितना साफ है!" दिल्लीच्या बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मला सगळ्या गावाच्या अंगावर ओरडायचं होतं, त्या बाईंच्याही. मी तोंड उघडलंच होतं. मावशीने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मग ती सरपंचांना म्हणाली, "लय मेहनत घेतली गा तुमी." तिने शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले.

भाषणं सुरू झाली तशी ती उठून ढिगांकडे गेली. मी मागोमाग. एकेक पान ती हलक्या हाताने उचलून बघत होती. घरट्यांतली अंडी फुटली होती. बऱ्याच वेळाने एक धड सापडलं. ते तळहातावर घेऊन ती तळ्याकडे बघत राहिली. ठेवायला पाण्यावर पान कुठे होतं?

मला रडू आवरेना. "मावशी, काहून गप्प राहिली तू? सांगायचं होतं त्यांना, काय केलं ते!"

तिने पदराने अंड्यावरचा चिखल पुसला.

"काय सांगू, ताई? इतके वर्स आमी बायाच उतरत होतो, अन् हे सारे काठावर हसत होते. काल पयल्यांदा पूरं गाव माह्यासाठी पान्यात उतरलं. त्यायले मी काय म्हनू?"