चौथा रकाना

मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. म्हणजे तास घेतला तर पैसे, तेही कॉलेजला आठवण झाली तर. त्यामुळे मेहकरातलं आमचं घर बायकोच्या पगारावर चालायचं. ती एका कापड दुकानात होती. दिवसभर उभ्याने साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की घड्या घालून परत ठेवायच्या. दुकानात बसायला साधं स्टूल नव्हतं. घरी आली की ती पाय भिंतीला वर टेकवून पडायची.

माझ्या पीएचडीचा विषय होता, दुकानांतल्या कामगारांचा कामाविषयीचा दृष्टिकोन. हसू नका. वीस विधानं लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच रकाने. पहिल्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी मधल्याच रकान्यात खूण केली. आमच्याकडे कोणालाही कसं काय विचारा, पाय प्लास्टरमध्ये असला तरी माणूस 'बरं हाय' म्हणतो. मार्गदर्शक म्हणाले, मधला रकानाच काढून टाका, म्हणजे माणसाला कुठल्यातरी बाजूला झुकावंच लागेल. मी काढला. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

नवा फॉर्म घेऊन दुकानं फिरण्याआधी एक घरीच भरून घेतला. बायको कणीक मळत होती. हात धुऊन आली, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"याच्यात मधलं काहीच नाई?"

"थे काढलं. आता एका बाजूनं सांगाच लागते."

ती बराच वेळ पेन धरून बसली. इतका वेळ का लागतोय, हे मी विचारलं नाही. एखादं विधान सुटलं नाही ना, तेवढं पाहिलं आणि कागद फाईलमध्ये लावला.

पंधरा दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा असतो. दोन्ही वेळा उत्तरं सारखी आली तर मोजमाप भरवशाचं.

"पह्यला वाचला काय तुमी?" तिनं विचारलं.

"वाचला ना."

खोटं नव्हतं. 'शक्य झाल्यास मी हे काम उद्याच सोडीन' या विधानापुढे चौथ्या रकान्यात खूण होती, पूर्ण सहमत. 'या कामात मला किंमत नाही', तिथेही चौथाच. तिनं दुसरा फॉर्म भरून दिला तसे मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. सगळ्या खुणा जुळल्या. मी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला आणि म्हणालो, सर, मापनश्रेणी विश्वासार्ह आहे. मागे ती भाकरी थापत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मला तर कळसा काखेत आहे हेही ठाऊक होतं. तिनं काम सोडलं तर घर कसं चालायचं, हा विचार आला आणि मी मुकाट्याने मेहकर, देऊळघाट, बुलढाणा अशी दुकानं पालथी घालायला निघालो. संशोधकाने वस्तुनिष्ठ असावं, असं स्वतःला समजावलं. ते समजावणं इतकं सोपं गेलं, याची लाज आज वाटते. तेव्हा वाटली नाही.

महिनाभराने उरलेले फॉर्म आणायला मी तिच्या दुकानात गेलो. मालक म्हणाले, "वहिनी त आठ रोजापासून येऊन नाई राह्यल्या, सर. आजारी हायत काय?"

मी 'हाव' म्हणालो आणि बाहेर पडलो. त्या दिवशीही ती डबा घेऊनच घरातून निघाली होती. माहेरी फोन करावा की नको, ते ठरेना. बाजारातून चालत राहिलो. एसटी स्टँडवर बायकांच्या बाकावर ती दिसली. डबा मांडीवर होता. समोर बुलढाण्याची गाडी लागली होती, पण तिला कुठे जायचं नव्हतं. आठ दिवस ती इथेच येऊन बसत होती.

मला राग आला नाही. दुःखही झालं नाही. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मले सांगायचं होतं ना," मी म्हणालो.

तिनं पिशवी उचलून मला बसायला जागा केली.

"दोन खेपा लिहून देल्लं," ती म्हणाली. "दोन्ही खेपा उत्तर तेच आलं, अन् तुमी खूश झाले."