उतरवलेली कावीळ

नवऱ्याला किडनी द्यायची हे मी एका मिनिटात ठरवलं होतं. विचार कसला करायचा त्यात? रक्तगट जुळत होता, मला ना शुगर ना बीपी. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मी चार मजले जिन्याने चढते. हे मात्र पहिल्याच मजल्यावर बसकण मारायचे. पाय इतके सुजायचे की चप्पल जायची नाही.

मोठ्या हॉस्पिटलात फॉर्म भरायला लेक बरोबर होती. जन्मापासून इकडचीच, मराठी बोलते पण निम्मी हिंदी. ती एकेक जुनं दुखणं वाचायची, हे नकार द्यायचे. पीलिया? "बिल्कुल नहीं," ह्यांनी ठणकावून सांगितलं. दीड वर्षापूर्वी घराजवळच्या डॉक्टरांनाही हेच सांगितलं होतं आणि मी शेजारी बसून मान डोलावली होती. त्यांनी बीपीच्या आणि सुजेच्या गोळ्या दिल्या, आम्ही खुशाल त्या खात बसलो.

वेळ जाईना म्हणून मी लेकीला सासूबाईंची आवडती हकिकत सांगायला लागले. ह्यांना नवव्या वर्षी कावीळ झाली, गावातल्या एका बाबांनी चुन्याच्या पाण्यात हात चोळून ती उतरवली, पाणी कसं पिवळंधम्मक झालं, वगैरे.

"मम्मा, कावीळ म्हणजे?" लेकीने विचारलं.

"अगं, पीलिया," मी म्हटलं, आणि माझं लक्ष तिच्या हातातल्या फॉर्मकडे गेलं. उतरवलेली कावीळ आमच्या लेखी झालेलीच नव्हती.

रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी, कैक वर्षांचा. डोळे तेव्हाच निवळले, विषाणू आतच राहिला आणि त्यानेच हळूहळू किडन्या नासवल्या, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आधी कळलं असतं तर त्यावर गोळ्या होत्या. मला त्यांच्या शांतपणाचा राग आला, त्या बाबाचा आला, सासूबाईंचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढी तोंडाळ बाई मी, नेमकी तिथेच मिठाची गुळणी धरून बसले होते.

तरी माझी किडनी आहे ना, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. आठवड्याने माझे रिपोर्ट आले. मलाही तेच निघालं. कधी डोळे पिवळे झाले नाहीत, कधी अंग मोडून आलं नाही, तरी होतंच. माझी किडनी घेता येणार नाही म्हणाले. लेकीला लहानपणी लस टोचली होती, ती वाचली. पण किडनीसाठी तिचं नाव ह्यांनी काढूच दिलं नाही.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. माझे रिपोर्ट आले त्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आल्यावर हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू मला किडनी द्यायला निघालीस, आणि मी तुला काय दिलं बघ."

मला चिडायचं होतं. ते काही जमलं नाही. मी तिथेच त्यांच्याशेजारी बसले आणि रडले.