सुनेसाठी हेडफोन घेणारी बाई

नवी नवी सासू झाले होते, तेव्हाची माझी अक्कल बघा. सुनेची बडबड ऐकू येऊ नये म्हणून घाटकोपरला कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यायला गेले. तिथे माझ्याच वयाची एक बाई दुकानदाराच्या कानांवर हेडफोन चढवून ओरडत होती, "अगं, कुकर बंद कर गं! ऐकू आलं का रे?"

दुकानदार नुसताच हसत राहिला.

"झकास! हेच दे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सून घरून काम करते. घरात गोंगाट माझाच ना! तुम्ही कोणासाठी घेताय?"

"सुनेसाठीच," मी थाप मारली.

तिने लगेच दुसरे हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. "मग ओरडा की, घरी ओरडता तसंच!"

घरी सुनेला जे बोलत असे, ते चारचौघांत माझ्या तोंडून निघेना.